बाभळीतला नाग

"सांगून कुणाला खरं वाटणार न्हाय, पण त्या बाभळीत मिशा असलेला नाग हाय," सर्जेराव म्हणाले आणि आपल्याच मिशीवरून हात फिरवला.

पालिकेच्या इंजिनिअर दीपमाला मॅडमनी नकाशावरून मान वर केली. "काळ्या की पिकलेल्या?"

ओट्यावर बसलेला शेजारचा रंगनाथ फिसकन हसला. सर्जेरावांनी डोळे वटारले, तसं ते हसू जागच्या जागी विरलं.

कात्रजच्या पलीकडचं हे गाव नुकतंच शहरात आलं होतं. सगळ्या शहराच्या स्वच्छतेचा आराखडा ठरत होता आणि गावाच्या वाट्याला सार्वजनिक शौचालय आलं होतं. मोकळी सरकारी जागा एकच, सर्जेरावांच्या नव्या बंगल्यासमोरचं बाभळीचं रान. नातीला बघायला पाव्हणे येणार आणि फाटकातून त्यांना पहिलं दर्शन संडासाचं? नुसत्या कल्पनेनं सर्जेरावांना घाम फुटे.

"मांडीएवढा जाड," ते पुढं म्हणाले. "साप धरणारा आणला, तर गडी चपला टाकून पळाला. अजून न्यायला आला न्हाय. म्हशीचं दूध पितो, अन् पिऊन झालं की मिशा पुसतो."

"कशाने? रुमालाने?"

"चेष्टा नका करू. उद्या तुमचा गवंडी मेला तर गाव तुमच्या नावानं शंख करंल."

"गाव, की आपण?"

"इथं दोन्ही एकच."

रंगनाथनं मान हलवली. ती कुणाच्या बाजूनं, हे त्यालाही ठाऊक नसावं.

"अन् शौचालय हवंय कुणाला?" सर्जेरावांचा आवाज चढला. "घरटी संडास हाय. माझ्या बंगल्यात तर पाच! सांग की रं."

"पाच," रंगनाथ म्हणाला. "इटालियन टाइल."

"बाकीच्या गावांत देव आडवे आले, इथे नाग," मॅडम म्हणाल्या. "त्या रानात खरंच कुणी जात नाही?"

"चिमणी फिरकत न्हाय."

"मग झालं. जिथे कुणी पाऊल टाकत नाही, त्या जागेसाठी मी डोकं कशाला फोडू? शौचालय शेजारच्या गावाला देते. पण एकदा रद्द म्हणजे रद्द. पुन्हा माझ्याकडे रडत यायचं नाही. करू?"

"करा, करा." कुस्ती मारल्यागत सर्जेराव मागं रेलले. "अगं, चहा आण मॅडमना. साखर जास्त टाक, लई कडू बोलत्यात."

सरुबाई चहा घेऊन आल्या. परक्यांसमोर नवऱ्याच्या बोलण्यात त्या आजवर कधी पडल्या नव्हत्या. त्यांनी कप मॅडमच्या हातात दिला, पण मनगट सोडलं नाही.

"रद्द करू नका, बाई."

"आत जा," सर्जेराव गुरकावले.

"गटाराची लाईन अजून आली न्हाय. टाकी भरंल म्हणून ह्यांनी पाचीच्या पाची संडासांना कुलपं लावलीत, पाव्हणे आले तरच उघडायची. मी, सुना, नात, रोज पहाटं त्याच बाभळीत जातो." त्यांनी नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तिथं नाग न्हाय, बाई. आम्ही असतो."