तुलनेचा गट

नेतृत्व हा समाजाचा कणा आहे, यावर विद्यापीठाचा अढळ विश्वास होता. या कण्यासाठी दुसऱ्या वर्षाच्या निम्म्या मुलांची शनिवारची सकाळ काढून घेतली होती. उरलेल्या निम्म्यांना तुलनेसाठी मोकळं सोडलं होतं.

नेतृत्वाच्या कोर्सने खरंच काही फरक पडतो का, हे ठरवण्याचं काम संख्याशास्त्राच्या मॅडमच्या गळ्यात पडलं होतं. फरक दिसला नाही तर शनिवार परत मिळेल, असा शब्द त्यांनी मुलांना दिला होता. तोही नेतृत्व केंद्राच्या संचालकांसमोर. संचालक तेव्हा फोनवर होते.

आज शेवटची चाचणी होती. शेजारशेजारचे दोन वर्ग. बाकं बाहेर काढायची आणि पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडायच्या. एका वर्गात कोर्स केलेली मुलं, दुसऱ्यात न केलेली. मॅडम आणि संचालक व्हरांड्यात उभे राहून बघत होते.

कोर्सवाल्यांनी आधी गोल केला. मग प्रत्येकाने आपापली जमेची बाजू सांगितली. एकाची जमेची बाजू दुसऱ्याचं ऐकून घेणं ही होती. तो बोलायचा थांबेना.

"काय आत्मविश्वास आहे बघा!" संचालक म्हणाले.

"सर, बाकं जागची हललेली नाहीत."

"बाकं काय हो, कोणीही उचलेल."

शेजारच्या वर्गात कोणीही ती उचलत होतं.

"ए लंबू, तिकडून धर!"

"आधी दार तरी उघड, शहाण्या!"

"पाय! अरे, माझा पाय!"

बघता बघता आरडाओरडा थांबला. खुर्च्या ओळीत लागल्या होत्या. जाता जाता कोणीतरी फळाही पुसला होता. मुलं चहाला पसार झाली होती.

इकडे आधी ध्येय ठरवायचं की आधी मूल्यं, यावर दोन तट पडले होते. तेवढ्यात गोलातली एक मुलगी हळूच दारापाशी आली.

"मॅडम, आम्ही मुद्दाम नाही हो करत. असंच शिकवलंय." मग आणखी हळू, "शनिवार मिळेल ना?"

मॅडमनी होकारार्थी मान हलवली आणि त्या तावातावाने संचालकांकडे वळल्या. "सर, दर चाचणीत हेच झालंय. आता आणखी काय बघायचं?"

संचालक रिकाम्या वर्गाकडे टक लावून बघत होते. "यांच्यात नेता कोण होता?"

"कोणीच नाही."

"कोणीच नाही?"

"गरजच पडली नाही, सर."

संचालकांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. "इतकी मुलं आणि एकही नेता नाही! मॅडम, परिस्थिती इतकी हाताबाहेर गेली असेल, याची मला कल्पना नव्हती."

"अहो, पण त्यांचं काम झालंय!"

"तेच तर म्हणतोय. काम होतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. कोर्सची खरी गरज या मुलांना आहे."

मॅडमचा आवाज इतका चढला की गोलातली चर्चा थांबली. "मी अहवालात स्पष्ट लिहिणार आहे. या कोर्सने धडधाकट मुलं निकामी होतात!"

"अवश्य लिहा," संचालक कौतुकाने म्हणाले. "याला म्हणतात नेतृत्व."

मॅडमनी तसंच लिहिलं. अहवालाचं सभेत टाळ्या वाजवून स्वागत झालं आणि पुढच्या सत्रापासून कोर्स सगळ्यांना सक्तीचा झाला.

मूल्यमापन मात्र बंद करावं लागलं. तुलनेसाठी कोर्स न केलेलं कोणी उरलं नव्हतं.