लंडनची एमिली

कोरियन लोकांना इंग्रजी शिकवणाऱ्या एका ॲपसाठी संघप्रियानं शिवाजी पेठेतल्या घरी, आवाज घुमू नये म्हणून कपाटात तोंड घालून, महिनाभर शब्द रेकॉर्ड करून दिले. शेवटी कंपनीचा निरोप आला, ‘तुमचे उच्चार गावठी वाटतात, सगळं रेकॉर्डिंग काढून टाकलंय.’ तेव्हापासून ती चारचौघांत इंग्रजी बोलायचीच बंद झाली.

परवा कोरियन मालिकांचं वेड लागलेल्या मावसबहिणीनं, साक्षीनं, तेच ॲप उघडलं. म्हणाली, “ही लंडनची एमिली हाय. ऐक, असं बोलाय पायजे.”

पडद्यावर इवलंसं रोपटं आलं आणि एमिली म्हणाली, “सॅपलिंग.”



तिच्या पाठोपाठ, ॲपमधूनच, लांबून, संघप्रियाची आई ओरडली, “संघे, मिरचीच्या रोपांना पाणी घातलंस का न्हाय?”