इंची आटे

अर्धांगाच्या झटक्यानंतर धर्मराजचा उजवा हात उठेना, तेव्हापासून अंबरनाथच्या त्यांच्या छोट्या गाळ्यातलं लेथ मशीन त्याची बायको संजीवनी चालवत होती. मिलिमीटरचे आटे तिला जमू लागले होते. आज मात्र उल्हासनगरच्या हरेशशेठनी जुन्या विलायती मशीनचा बोल्ट करायला दिला होता, इंची आट्यांचा. "आपल्या मशीनवर इंची आटे पाडताना टूल सरकवणारा हा दांडा मध्येच उचलायचा नाही," धर्मराजने बजावलं. "दर फेरीला मशीन उलटं फिरवूनच टूल मागे आणायचं." सकाळपासून ती तेच करत होती. दुपारी खांदा भरून आला आणि सवयीने तिने दांडा उचलला. पुढच्या फेरीला टूल आट्यांवर आडवं चढलं. बोल्ट वाया गेला. आता तो ओरडेल म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. तो स्टुलावरून उठला, पाय ओढत आला आणि डाव्या हाताने त्याने दांडा दाबून धरला. "नवीन तुकडा लाव. हा मी सांभाळतो." संध्याकाळी हरेशशेठचा नट नव्या बोल्टवर अलगद फिरत गेला. "उद्या तो माणूस आपलं मशीन विकत घ्यायला येतोय ना, त्याला नको म्हणून सांग," धर्मराज म्हणाला. कित्येक महिन्यांनी तो हसत होता. मशीन एकदाचं जाईल, आपण सुटू, या आशेवर तिने हे दिवस काढले होते. "सांगते," ती म्हणाली आणि दुखऱ्या हाताने तिने फोन उचलला.