निचऱ्याचा व्हॉल्व्ह

भानुदासने निचऱ्याचा व्हॉल्व्ह आणखी अर्धा फेरा सैल केला आणि मागे वळून पाहिलं. छपरावर कुणी नव्हतं. कूलिंग टॉवरचा पंखा घरघरत होता आणि खालच्या पाइपातून चांगलं पाणी गटारात चाललं होतं. त्याला बरं वाटलं. महिन्याभरापूर्वी पहिल्यांदा व्हॉल्व्ह उघडला तेव्हा दोनदा जिन्यापर्यंत जाऊन कुणी येत नाही ना ते पाहिलं होतं. आता सवय झाली होती.

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या या गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तो बावीस वर्षं टॉवर सांभाळत होता. काम तसं सोपं. मशीनांनी तापवलेलं पाणी वर येतं, पंख्याखाली निवतं, पुन्हा खाली जातं. त्यातलं थोडं वाफ होऊन उडतं आणि उरलेल्यात क्षार वाढत जातात. म्हणून अधूनमधून पाणी सोडून द्यायचं आणि ताजं भरायचं. किती सोडायचं ते भानुदास अंदाजाने ठरवायचा, आणि त्याचा अंदाज फार दिलदार होता.

मग प्रणिता आली. नागपूरच्या मित्राची मुलगी, नुकतंच मास्टर्स झालेली. तिचा रेझ्युमे भानुदासनेच मॅनेजरच्या हातात ठेवला होता. हौस म्हणतात ती ही. तिने क्षार मोजणारा सेन्सर बसवला. क्षार खरोखर वाढले तरच निचरा आपोआप उघडायचा, एरवी नाही. वाया जाणारं पाणी निम्म्यावर आलं आणि मॅनेजर दिवसातून दोनदा तिचं नाव घेऊ लागला. तिन्ही कारखान्यांच्या पाण्याचं काम एकाच माणसाकडे द्यायचं घाटत होतं. अशी जागा निघाली तर ती आपलीच, असं भानुदास कित्येक वर्षं धरून चालला होता. आता तिथे कोण बसणार, हे कॅन्टीनमधल्या पोरांनाही ठाऊक होतं.

मार्चमध्ये तर कहर झाला. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस साजरा करायला आपल्या मंडळींनी कम्युनिटी सेंटरचा हॉल घेतला होता. पाण्याचा दिवस, म्हणून पाणी वाचवणाऱ्या प्रणिताचा सत्कार ठरला. आणि पुष्पगुच्छ कुणाच्या हस्ते? भानुदासकाकांच्या. त्याने गुच्छ दिला, फोटोत दात दाखवले आणि घरी जाताना गाडीत बायकोने पुढे केलेला पेढा परत सारला.

"पोटात दुखतंय का?" तिने विचारलं.

दुखतच होतं. पण त्यावरची गोळी कुठल्याच फार्मसीत मिळत नाही.

एप्रिल लागला आणि त्याने व्हॉल्व्ह उघडला. ज्या पाण्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला ते आपण गटारात सोडतोय, हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. त्याने ते दाबून टाकलं.

बचतीचे आकडे घसरले. प्रणिता गळती शोधत पाइपांखाली रांगली, हिशेब पुन्हा पुन्हा करून पाहिले. काही सापडेना. मॅनेजरने तिला सरळ सांगितलं, शुक्रवारपर्यंत कारण कळलं नाही तर प्रोजेक्ट बंद, जुनी पद्धत परत सुरू. भानुदास लंचला मुद्दाम तिच्या शेजारी बसायचा. "होतं असं, बेटा. मशीनवर एवढा ट्रस्ट ठेवू नये," म्हणायचा. तिचा डबा तसाच राहायचा. त्याला स्वतःचा डबा गोड लागायचा.

गुरुवारी सेन्सर तपासणारा माणूस छपरावर गेला आणि डोकं खाजवत खाली आला. सेन्सर मेला होता. क्षार कितीही वाढले तरी तो कमीच दाखवत होता, त्यामुळे निचरा आपोआप उघडणं थांबलं होतं.

"आत एव्हाना दगडासारखा थर बसायला हवा होता," तो म्हणाला. "खालची मशीनं बंद पडली असती. पण टॉवर स्वच्छ आहे. कुणीतरी हाताने पाणी सोडलंय."

त्या दिवशी भानुदासचाही डबा तसाच राहिला.

शुक्रवारी सकाळी नवा सेन्सर लागला आणि मीटिंग सुरू झाली. प्रणिता उभी राहिली. तिच्या हातात मीटरच्या नोंदींचे कागद होते. संपलं, असं भानुदासला वाटलं. नोकरी तर जाईलच, पण हॉलमध्ये पुन्हा तोंड कसं दाखवायचं?

"भानुदासकाकांना सेन्सरचा डाउट आला होता," ती मॅनेजरला म्हणाली. "सगळ्यांसमोर माझी चूक दिसू नये म्हणून त्यांनी काही न बोलता व्हॉल्व्ह उघडून ठेवला. आकडे त्यामुळे घसरले, पण टॉवर त्यांनी वाचवला."

टाळ्या वाजल्या. भानुदास आधी गडबडला. मग त्याची मान आपोआप ताठ झाली.

"बावीस वर्षं झाली," तो म्हणाला. "मला आवाजावरून कळतं."

मॅनेजरने तिथल्या तिथे निकाल दिला. प्रोजेक्ट चालू राहणार. तिन्ही कारखाने प्रणिताकडे आणि तिला सल्ला द्यायला भानुदास.

दाराबाहेर पडेपर्यंत भानुदासला स्वतःलाच सगळं खरं वाटू लागलं होतं. पोरगी गुणी आहे, आपण उगाच जळत बसलो, असं म्हणण्याइतका तो उदार झाला होता. जिन्यापाशी त्याने तिला थांबवलं.

"टेन्शन घेऊ नकोस, बेटा. चुका सगळ्यांच्याच होतात. पुढे काही डाउट आला तर मला विचारत जा."

प्रणिताने हातातल्या कागदांची नीट घडी केली आणि ते त्याच्या हातात दिले.

"सेन्सर बंद पडून नऊ दिवस झाले, काका," ती म्हणाली. "व्हॉल्व्ह पस्तीस दिवस उघडा आहे. आता बंद करून या."