झेलणारे हात

खडोलीच्या कारखान्याचे पत्रे बदलायचे होते, तेही चाळीस फुटांवर. गोकुळ शिडीपाशी अडून बसला होता. सुरक्षेचा बेल्ट दिल्याशिवाय वर चढणार नाही, म्हणाला. मागच्याच महिन्यात त्याचा थोरला भाऊ चिंधा याच छपरावरून पडला होता आणि कंबर मोडून गावी अंथरुणाला खिळला होता.

ठेकेदार शिमोनदादा त्यांच्याच गावाकडचा. आमलीतल्या मजुरांच्या खोलीवर दर रविवारची प्रार्थनाही तोच चालवायचा. त्यानं गोकुळच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला.

"विश्वासणाऱ्याला बेल्ट कशाला रे? देवदूत हातांवर झेलतील, असं बायबलात वचन आहे. चिंधाचा विश्वासच कमी पडला."

गोकुळच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं तो हात झटकून टाकला.

"हेच वचन येशूलाही ऐकवलं होतं, दादा. मंदिराच्या टोकावर उभं करून, 'मार उडी' म्हणत. त्यानं नाही मारली. मग त्याचाही विश्वास कमीच पडला का?"

शिमोनदादा पाठ फिरवून निघाला, तसा गोकुळ म्हणाला,

"आणि ते ऐकवणारा सैतान होता, हे गेल्या रविवारी तुम्हीच शिकवलं ना आम्हाला?"