बरोबरी झाली तर

आमटीचा डाव ओट्यावर आपटून चेअरमननं सभा सुरू केली.

"आधी मागच्या ठरावांचं काय झालं ते सांगा. बाथरूमचा बल्ब?"

"बदलला," बाबा म्हणाले.

"आत्या, बाबांच्या गॅरेजच्या कपड्यांवरून बोलणं बंद?"

"बंद. आता मनातल्या मनात बोलते. का तिथंही तुझा नियम चालतो, चेअरमनबाई?"

चेअरमन म्हणजे या घरातली लेक. व्यवसाय शिक्षणाच्या शाळेत ती वेल्डिंग शिकत होती. तिथं प्रत्येक धंद्याचा एक क्लब होता आणि अशा सगळ्या शाळांतल्या क्लबांची मिळून एक विद्यार्थी संघटना. सभा नीट कशी चालवायची याचीही शाळाशाळांत स्पर्धा असे. सूचना, अनुमोदन, चर्चा, मतदान, सगळं रीतसर.

आई गेली आणि घरातलं बोलणंच संपलं. बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, राहायला आली. पण भाऊबहीण एक तर गप्प बसायची, नाही तर एकमेकांवर खेकसायची. लेकीनं स्पर्धेच्या सरावाचं निमित्त काढून दोघांना रविवारी सकाळी टेबलाशी बसवलं. एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पुढं स्पर्धा होऊन गेली, सभा मात्र राहिली.

"नवीन विषय?"

बाबांनी हात वर केला. हात धुतलेला होता, तरी नखांत ग्रीस होतंच.

"सूचना अशी, की चेअरमननं जावं."

डाव तिच्या हातात तसाच राहिला. संघटनेनं तिला सगळ्या शाळांची अध्यक्ष निवडलं होतं. वर्षभर मोठ्या शहरात राहायचं, सकाळी तिथल्या कारखान्यात काम शिकायचं, दुपारी संघटनेचं काम बघायचं. उद्या उत्तर द्यायचं होतं आणि तिनं नाही म्हणायचं ठरवून टाकलं होतं. अजूनही ती घरी आल्याशिवाय बाबा पानावर बसत नसत.

"याला अनुमोदन लागतं," ती घाईनं म्हणाली. "ते नसेल तर विषय संपला."

"माझं आहे," आत्या म्हणाली.

बापलेक तिच्याकडे बघतच राहिले.

"बघताय काय? अनुमोदन दिल्याशिवाय चर्चा नाही, आणि चर्चा नाही तर मी भांडू कशी? तूच शिकवलंस."

मग आत्या मनसोक्त भांडली. तिकडे पोरीचं आहे कोण? दुखलंखुपलं तर कुणाच्या दारात जाणार? अध्यक्ष होऊन काय खुर्ची खाणार आहे? "आणि हा माणूस माझ्या गळ्यात! हा ऐकतो का माझं?"

बाबा उभे राहिले. घरच्या सभेत कुणी उभं राहत नसे.

"तुझी आई गेल्यावर मला गॅरेजातून घरी यायची भीती वाटायची," ते म्हणाले. "दार उघडायचं आणि आत कुणाचा आवाज नाही. तू क्लबातून हे नियम आणलेस आणि आम्ही माणसांसारखे बोलायला लागलो. त्या क्लबचे या घरावर उपकार आहेत. आता त्यांना तू हवी आहेस, तर आपण अडवून धरायचं? माझी काळजी नको. मला भात येतो."

"गोळा येतो, गोळा," आत्या म्हणाली.

"एका वेळी एक," चेअरमन म्हणाली. "चर्चा संपली. हात वर करून मत द्या."

"गुप्त मतदान घे," बाबा म्हणाले. "ताईला माझ्या तोंडाकडे बघून मत द्यायला नको."

"मी कधीपासून तुझ्या तोंडाला घाबरायला लागले?"

पण कुणीही मागितलं तर गुप्त मतदान द्यावं लागे. चहाच्या रिकाम्या डब्यावर फडकं टाकलं. आतल्या खोलीत बाबांची नट-वायसरची पेटी होती. नट म्हणजे होकार, वायसर म्हणजे नकार. एकेकानं आत जाऊन मूठ बंद करून यायचं आणि फडक्याखालून टाकायचं.

चेअरमननं डबा टेबलावर उपडा केला. एक नट. एक वायसर.

"विरोध नोंदवला, आत्या," ती हळूच म्हणाली.

आत्या आता उसळेल असं तिला वाटलं. आत्यानं नुसतं त्या दोन वस्तूंकडे बघितलं, मग भावाकडे. मग उठून तिनं गॅस बारीक केला. बाबा नखातलं ग्रीस काढत बसले होते.

एरवी चेअरमनला मत नसतं. बरोबरी झाली तरच असतं.

ती नटाकडे बघत राहिली. जो माणूस कधी सलग दोन वाक्यं बोलला नाही, तो आज तिच्यासाठी उभा राहून बोलला होता. असा बाप मिळायला नशीब लागतं. त्याचं मत ती वाया कसं घालवणार? ती आत गेली, पेटीतून नट आणला आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला.

"ठराव मंजूर."

डाव आपटायला ती विसरली. तो आत्यानं आपटला.

ती निघाली त्या दिवशी दोघंही बसपर्यंत आले. बाबांनी ट्रंक चढवली आणि ते ड्रायव्हरकडे गेले, पुढच्या चाकाचा आवाज त्यांना बरा वाटला नव्हता. आत्यानं खिडकीतून डबा आत दिला.

"आत्या, तू वायसर टाकलास त्याचा मला राग नाही हं," लेक म्हणाली. "तुला करमणार नाही, कळतं मला. दर रविवारी सभेच्या वेळेला फोन करीन तुला."

आत्यानं हात आत घालून तिची कॉलर सारखी केली. पुढं बाबा चाकाशी उकिडवे बसून ड्रायव्हरला काहीतरी समजावत होते. ड्रायव्हर घड्याळ दाखवत होता, तरी ते उठत नव्हते.

"मला नको. त्याला कर," आत्या म्हणाली. "नट माझा होता."