आपोआप

साळवीसाहेबांनी फळ्यावरच्या नव्या सरकारी संगणकयंत्रणेच्या आराखड्यावर बोट ठेवलं. "सात वर्षं माणसाचा पत्ता नाही, की मेला समजायचं. रेशनकार्डातून नाव आपोआप उडणार. हेमांगी, आख तिथं बाण."

हेमांगीनं हातातलं पेन खाली ठेवलं. दादा भांडून घर सोडून गेला, त्याला आठ वर्षं झाली होती. आईनं कार्डावरचं त्याचं नाव कुणाला कमी करू दिलं नव्हतं. घरात दादा उरला होता तो तेवढ्या एका ओळीत.

"आपोआप नको, साहेब. आधी घरच्यांना विचारू."

"अगं, लोकांचे खेटे वाचावेत म्हणून तर हा खटाटोप!"

"खेटे माझी आई आनंदानं घालेल. पण जित्याजागत्या माणसाला यंत्रानं परस्पर मारायचं, आणि त्याला आपण सुविधा म्हणायचं?"

टेबलाभोवतीच्या बाकीच्यांनी फोनमध्ये तोंडं खुपसली.

"जिवंत आहे कशावरून?" साहेबांनी विचारलं.

हेमांगीला ते ठाऊक असतं तर दादा आज घरी असता. साहेबांनी स्वतःच बाण आखला.

व्हरांड्यात येऊन तिनं घरी फोन लावला. "आई, दादाच्या नावाचं जरा बोलायचं होतं."

आईचा आवाज एकदम उजळला. "सापडला?"